फॉरमॅट मारायच्या आधी: विभागाच्या लॅबमधलं लॉगिन का अडतं

धुळे जिल्ह्यातल्या एका विज्ञान विभागात नव्यानं लागलेल्या लॅब असिस्टंटचा प्रश्न थोडक्यात असा: लॅबमध्ये साठेक पीसी, सगळे डोमेनला जोडलेले (म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एका सर्व्हरवर तपासले जातात), काहींवर जोडीला उबुंटू हे लिनक्सही. जूनमध्ये लॅब उघडली की रोज कुणी ना कुणी "लॉगिन होत नाही" म्हणून उभं. कुणाला पासवर्ड चुकीचा दाखवतो, कुणाचं नुसतंच गोल फिरत राहतं, कुणी आत जातं पण डेस्कटॉप रिकामा. व्हेंडरचा माणूस येतो, फॉरमॅट मारून जातो, आठवड्यात पुन्हा तेच. मग तपासायला सुरुवात कुठून करायची?

सुरुवात फॉरमॅट थांबवण्यापासून करा. लॉगिन अडण्याचं कारण बऱ्याचदा त्या पीसीत नसतंच, त्यामुळे फॉरमॅटनं ते जातही नाही. जातात त्या दोनच गोष्टी: पोरांनी सी ड्राइव्हवर ठेवलेलं काम आणि काय बिघडलं होतं याचा पुरावा. शिवाय एक नवी अडचण आहे. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं डोमेनला जोडण्याचे नियम कडक केले. फॉरमॅट केलेला पीसी जुन्याच नावानं परत जोडायला गेलात आणि जोडणारं खातं आधीच्यापेक्षा वेगळं असलं, तर 'या नावाचं खातं आधीपासून आहे, ते पुन्हा वापरायला मनाई आहे' अशा अर्थाचा संदेश येऊन काम अडतं. मग व्हेंडरचा माणूस नावापुढे एक नवीन आकडा लावतो आणि वर्षभरात डोमेनच्या यादीत अर्धी भुतं, म्हणजे आता नसलेल्या पीसींची नावं, जमा होतात.

पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही. अडलेल्या पोराला शेजारच्या पीसीवर बसवा आणि ज्याचं नीट चालतं त्याला या पीसीवर. पोरगा जिथे बसेल तिथे अडला तर दोष त्याच्या खात्यात. पीसीवर कुणीही बसलं तरी अडलं तर दोष पीसीत किंवा त्याच्या वायरीत. एकाच ओळीतले सगळे पीसी अडले तर त्या ओळीच्या नेटवर्क स्विचकडे बघा, अख्खी लॅब अडली तर सर्व्हरकडे. ही अदलाबदल न करता कीबोर्डला हात लावायचा नाही, एवढा नियम स्वतःला घालून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे पडद्यावरचा संदेश शब्दशः वाचा. पोरगा येऊन "सर, पासवर्ड बरोबर शे, पण लॉगिन व्हत नही" एवढंच सांगणार. त्याला मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून आणायला सांगा. 'युजरनेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट', 'नो लॉगऑन सर्व्हर्स अव्हेलेबल', 'ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड' आणि 'अकाउंट इज लॉक्ड आउट' हे चार वेगवेगळे आजार आहेत. पासवर्डच्या चौकटीखाली 'साइन इन टू' ही ओळ असते, तीही वाचा. तिथे डोमेनऐवजी पीसीचंच नाव दिसत असेल तर तो पीसी डोमेनबाहेर पडलेला आहे किंवा कुणीतरी स्थानिक, म्हणजे फक्त त्या पीसीवरच्या, खात्यातून शिरायचा प्रयत्न करतंय.

एक कोडं सगळ्यांना पडतं: त्याच पीसीवर 'त्याचं होतं, माझं होत नाही'. मग सगळे समजतात की खात्यातच खोट आहे. पण विंडोज त्या पीसीवर शेवटी येऊन गेलेल्या लोकांची ओळख जपून ठेवतं, ठरावीक सेटिंगमध्ये १० जणांची. नेटवर्क तुटलेलं असलं तरी त्या दहांपैकी कुणी आलं तर दार उघडतं, अकरावा बाहेर. म्हणून अदलाबदल करताना त्या पीसीवर कधीच न बसलेला विद्यार्थी घ्या, नाहीतर वायर निघालेला पीसीसुद्धा धडधाकट वाटेल.

आता खात्याच्या बाजूनं बघू. जूनमधल्या तक्रारींचा सगळ्यात मोठा गठ्ठा इथलाच असतो आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा एक्सेलच्या फाइलमध्ये सापडतं.

प्रवेशाची यादी ऑफिसकडून येते, तिच्यावरून एकगठ्ठा खाती बनतात. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, सोळा अंकी असेल आणि तो रकाना 'टेक्स्ट' म्हणून ठेवलेला नसेल, तर एक्सेल पहिले १५ अंक खरे धरतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य टाकतं. ओळीनं क्रमांक मिळालेल्या दहा पोरांचा पीआरएन त्यामुळे एकच होतो. पहिलं खातं बनतं, उरलेल्या नऊंना 'आधीच अस्तित्वात आहे' अशी चूक येते, ती लाल अक्षरांत पडद्यावरून सरकून जाते आणि कुणी वाचत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: अख्ख्या वर्गात ज्यांचा पीआरएन शून्यानं संपतो तेवढ्यांचंच लॉगिन होतं. फाइल बंद करून नंतर रकाना टेक्स्ट केला तरी गेलेला अंक परत येत नाही, ऑफिसकडून मूळ यादी नव्यानं घ्यावी लागते.

जन्मतारीख हाच पहिला पासवर्ड ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मला ती अजिबात पसंत नाही, कारण वर्गातल्या सगळ्यांना एकमेकांचे वाढदिवस पाठ असतात. पण पद्धत आहे तर तिची खोड माहीत हवी. पीसीचं तारखेचं सेटिंग अमेरिकी असेल तर ०५/११/२००६ ही ५ नोव्हेंबर न राहता ११ मे होते. १३ तारखेपासून पुढे जन्मलेल्यांची तारीख मात्र उलटता येत नाही, कारण तेरावा महिनाच नाही, म्हणून ती जशीच्या तशी टेक्स्ट म्हणून राहते. परिणाम असा की महिन्याच्या उत्तरार्धात जन्मलेली पोरं आत आणि पहिल्या बारा तारखांची बाहेर. रांगेत उभ्या असलेल्यांना नुसती जन्मतारीख विचारा, पाचव्या उत्तरापर्यंत निदान होतं.

नावावरून युजरनेम बनत असेल तर स्पेलिंगचा घोळ ठरलेला. नंदुरबारकडची वळवी, वसावे, पाडवी ही आडनावं घ्या. दहावीच्या मार्कशीटवर इंग्रजी व्ही, आधारवर डब्ल्यू, प्रवेश अर्जावर नेट कॅफेवाल्यानं टाकलं ते तिसरंच. पोरगं स्वतःचं नाव बरोबर टाइप करतं, यादीत ते तसं नसतं. अक्कलकुवा-धडगावकडून आलेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं खातं मिळालेल्या पोराला "तुला नावही नीट टाकता येत नाही का" असं सुनावणारे लोक मी पाहिलेत. आधी यादी उघडून बघा, चूक आपल्या बाजूची निघण्याचीच शक्यता जास्त. लांब नावांचा आणखी एक प्रकार: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीत, लॉगिनचं जुन्या पद्धतीचं नाव २० अक्षरांत बसावं लागतं. चंद्रकांत सूर्यवंशी असं नाव इंग्रजीत मध्ये टिंब देऊन लिहिलं की २३ अक्षरं होतात. खातं बनवणारं साधन काही वेळा शेपूट कापून मोकळं होतं आणि पोरगा पूर्ण नाव टाकत बसतो.

खातं लॉक होण्याची तक्रार आली तर लगेच अनलॉक करून मोकळे होऊ नका. अनलॉक केल्यावर दहा मिनिटांत पुन्हा लॉक झालं तर कुठलं तरी यंत्र जुना पासवर्ड ठोकत बसलंय हे नक्की. कॅम्पसचं वायफाय त्याच युजरनेमवर चालत असेल तर गुन्हेगार खिशात असतो. पोरानं लॅबमध्ये पासवर्ड बदलला, मोबाइलमध्ये जुनाच साठवलेला, आणि फोन दर थोड्या वेळानं इमानेइतबारे चुकीचा पासवर्ड पाठवतोय. वायफायचं ते नाव फोनमधून 'फर्गेट' करून नवा पासवर्ड टाकायला लावा, मग अनलॉक करा. डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद शोधा, कुठल्या यंत्राकडून प्रयत्न झाले त्याचं नाव तिथे असतं. ते नाव वायफायची ओळख पटवणाऱ्या सर्व्हरचं निघालं तर फोनच.

प्राध्यापकांच्या तक्रारी सुट्टीनंतर येतात. डोमेनच्या मूळ सेटिंगमध्ये पासवर्डची मुदत ४२ दिवस असते. ती कुणी बदलली नसेल तर उन्हाळ्याची सुट्टी तिच्याहून मोठी. काही जण नवा पासवर्ड टाकतात आणि तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतात. त्यांना हसण्यापेक्षा मुदत वाढवून पासवर्ड लांब ठेवायला सांगणं बरं.

आणि कीबोर्ड. मराठी विभागाच्या किंवा ऑफिसच्या पीसीवर इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड टाकलेला असतो, आधीचा माणूस मराठीत टाइप करून उठलेला असतो, आणि पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसत असल्यानं आत देवनागरी पडतंय हे कळत नाही. लॉगिनच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात भाषेची खूण असते, विंडोज की आणि स्पेसबार दाबून ती इंग्रजीवर आणा. कॅप्स लॉक आणि नम लॉक तर बघालच. आपल्याकडची धूळही विसरू नका, एक की दाबली न जाणं किंवा दोनदा उमटणं यात नवल काही नाही. चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून पोराला स्वतःच बघू द्या, तुम्ही तोंड फिरवा. पासवर्ड तोंडी विचारायचा नाही, कधीच.

आता पीसीकडे. खानदेशात जूनमध्ये लॅब उघडल्यावर पीसीच्या बाजूनं जे बिघडतं त्याचा अर्धा दोष एका बटणाएवढ्या सेलचा असतो. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो. पीसीला वीज मिळत नसताना घड्याळ तोच चालवतो. एप्रिल संपता संपता शिपाईमामा लॅबचा मेन स्विच पाडून कुलूप लावतात. मग दोन महिने सगळा भार त्या सेलवर, आणि जळगाव-भुसावळकडच्या ४५ अंशांच्या उन्हात बंद खोलीची काय भट्टी होते ते सांगायला नको. पाच-सात वर्षं जुना सेल त्यात मान टाकतो. जूनमध्ये पीसी चालू केला की तारीख पार बोर्ड बनल्याच्या वर्षात गेलेली असते.

लॉगिनशी तारखेचा संबंध असा. डोमेनमध्ये ओळख पटवण्याचं काम कर्बेरॉस नावाची पद्धत करते. तिच्या प्रत्येक निरोपावर वेळेचा शिक्का असतो, म्हणजे कुणी जुना निरोप चोरून पुन्हा पाठवला तर तो शिळा ठरावा. पीसी आणि सर्व्हरच्या घड्याळात ठरावीक सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. त्यापुढे गेलात तर पासवर्ड अगदी बरोबर असूनही नकार येऊ शकतो. त्याच वेळी ब्राउझरमध्ये कुठलीही साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून कुरकुर करते, कारण तिचं प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला अजून जन्मलेलंच नसतं. म्हणजे वेबवरून लॉगिन करायचं पोर्टलही अडलं. ही दोन लक्षणं जोडीनं दिसली की आधी घड्याळ बघा.

घड्याळ बघताना टाइम झोनही बघा. काटे बरोबर दिसतात पण झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, असे पीसी नव्या इन्स्टॉलेशननंतर हमखास सापडतात. कुणीतरी झोन न बदलता वेळ हातानं पुढे-मागे केलेली असते, म्हणजे आतून ती कितीतरी तासांनी चुकलेली. उबुंटू आणि विंडोज दोन्ही असलेल्या पीसीवर फरक नेमका साडेपाच तासांचा दिसेल. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ धरून चालतं, आणि दोघं आळीपाळीनं एकमेकांचं मोडतात. उबुंटूत टाइमडेटसीटीएल या आज्ञेनं ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगता येतं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत उलट सोय करता येते. कोणतंही एक करा, दोन्ही केलीत तर घोळ परत सुरू.

सेल बदलायला किरकोळ खर्च येतो. सुट्टीआधी जुन्या पीसींचे सगळे सेल एकदम बदलून घ्या आणि वेळ हातानं लावण्यापेक्षा डोमेन कंट्रोलरकडून घेऊ द्या. एक बारकावा: डोमेनबाहेरचा पीसी पंधरा तासांहून जास्त चुकला असेल तर विंडोज मूळ सेटिंगमध्ये आपणहून वेळ सुधारतच नाही, तिथे तारीख आधी हातानं जवळ आणावी लागते. कंट्रोलरनं स्वतः वेळ कुठून घ्यायची, हाही प्रश्न आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेच्या सर्व्हरशी घड्याळं जुळवायला सांगितलं आहे. तेवढं एकदा लावून टाकलं की अख्खी लॅब सुधारते.

'ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड' हा संदेश आला की "दोन महिने बंद होता म्हणून डोमेनमधून निघाला" असं व्हेंडर छातीठोक सांगतो. ते खरं नाही. डोमेनमध्ये माणसासारखाच पीसीचाही पासवर्ड असतो आणि तो साधारण ३० दिवसांनी बदलतो, पण बदलायचा पुढाकार पीसीकडे असतो. पीसी बंद असेल तर बदलतच नाही, त्यामुळे बिघडतही नाही. (सर्व्हरवर कुणी 'बरेच दिवस न वापरलेले पीसी' म्हणून ती खाती बंद करून ठेवली असतील तर गोष्ट वेगळी, ते आधी बघून घ्या.) मग बिघडतं कशानं? लॅबमध्ये मुख्य कारण डीप फ्रीझसारखं, रिस्टार्टनंतर पीसी आधीच्या अवस्थेत नेणारं सॉफ्टवेअर. तिसाव्या दिवशी पीसीनं आपला पासवर्ड बदलला, सर्व्हरनं नोंदवला, संध्याकाळी पीसी बंद झाला, आणि सकाळी डीप फ्रीझनं सगळं कालच्यासारखं करताना पीसीला जुना पासवर्ड परत दिला. आता सर्व्हर त्याला ओळखत नाही. जुनी इमेज, म्हणजे साठवलेली पीसीची नक्कल, टाकल्यावरही हेच घडतं.

याला डोमेनमधून काढून परत जोडायची गरज नसते. पीसीच्या स्थानिक ॲडमिन खात्यातून आत जा, पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडा आणि टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही आज्ञा चालवा. उत्तर 'फॉल्स' आलं तर तीच आज्ञा पुढे रिपेअर आणि क्रेडेन्शियल जोडून द्या, डोमेनच्या अधिकाराचं खातं मागेल ते भरा, 'ट्रू' आलं की काम झालं. मात्र हे पीसी 'थॉ' अवस्थेत, म्हणजे फ्रीझ उठवलेलं असतानाच करायचं. फ्रोझन असताना केलंत तर दुपारी ठीक आणि उद्या सकाळी परत तोच संदेश. ज्या लॅबमध्ये फ्रीझ कायम लागणार आहे तिथे त्या सॉफ्टवेअरमधली या पासवर्डची सोय चालू करा, किंवा पॉलिसीतून पीसीचा पासवर्ड बदलणं बंद ठेवा. सुरक्षेच्या दृष्टीनं दुसरा मार्ग थोडा कमी, पण फक्त त्या लॅबपुरता ठेवलात तर चालून जातो. आणि प्रत्येक पीसीच्या स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे हवा, तोच नसेल तर वरचं सगळं कागदावर.

एक पीसी नीट तयार करून त्याचीच नक्कल बाकीच्यांवर मारतात. मारायला हरकत नाही, पण आधी विंडोजचं सिसप्रेप, म्हणजे पीसीची आतली ओळख पुसणारं साधन, चालवलं पाहिजे, नाहीतर सगळ्यांचा आतला ओळखक्रमांक एकच राहतो. वर्षानुवर्षं ते खपून गेलं. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या हा क्रमांक तपासतात आणि सारखा निघाला की ते पीसी एकमेकांना ओळख देणं नाकारतात. शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉपला पासवर्ड चुकीचा म्हणतं. इथे मात्र सिसप्रेप करून नव्यानं बसवणं हाच इलाज, म्हणजे फॉरमॅटवाल्याला एकदाचं खरं काम मिळेल.

रिकामा डेस्कटॉप म्हणजे टेम्पररी प्रोफाइल, म्हणजे वापरकर्त्याचं खरं फोल्डर उघडता न आल्यानं विंडोजनं दिलेलं तात्पुरतं. हे लॉगिन 'होतं', म्हणून पोरं तक्रारच करत नाहीत, दोन तास कोड लिहितात, साइन आउट करतात आणि सगळं पुसलं जातं. असं पोरगं तुमच्यासमोर आलं तर पहिलं वाक्य एकच: साइन आउट करू नको, आधी पेनड्राइव्हवर कॉपी कर. मग कारण शोधा. बहुतेक वेळा सी ड्राइव्ह भरलेला. २५६ जीबीच्या एसएसडीवर तीन बॅचची शंभरभर प्रोफाइलं साचतात आणि अँड्रॉइड स्टुडिओ वापरणाऱ्या एकेकाच्या फोल्डरमध्ये कितीतरी जीबी एम्युलेटर आणि ग्रेडलचं सामान. ठरावीक दिवसांहून जुनी प्रोफाइलं रिस्टार्टच्या वेळी आपोआप काढायची पॉलिसी विंडोजमध्ये आहे, ती लावा. पण आधी नोटीस लावून पोरांना काम हलवायला वेळ द्या, नाहीतर तोंड द्यायला तुम्हीच आहात. डिस्कवर जागा असूनही टेम्पररी येत असेल तर रजिस्ट्रीत प्रोफाइललिस्टमध्ये त्याच वापरकर्त्याच्या दोन नोंदी दिसतील, एकीच्या शेवटी 'डॉट बॅक'. ती खरी जुनी. दुसरीचं नाव बदलून ठेवा, 'डॉट बॅक'वालीचं शेपूट काढा, रिस्टार्ट.

नेटवर्कच्या बाजूला माझा पहिला संशय नेहमी डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर. इंटरनेट हळू चालतं म्हणून कुणीतरी यूट्यूबवर बघून पीसीच्या सेटिंगमध्ये आठ-आठ-आठ-आठ टाकतं. इंटरनेट झकास चालतं. पण कॉलेजचं डोमेन कुठं राहतं हे गूगलच्या डीएनएसला काय माहीत! पीसी कंट्रोलर शोधत राहतो, लॉगिन गोल फिरत राहतं, आणि जपलेल्या दहा ओळखींपैकी कुणी असेल तर तो खूप वेळानं आत जातो. डोमेनच्या पीसीला डीएनएस फक्त डोमेनचाच द्यायचा, दुसऱ्या क्रमांकावरही बाहेरचा नको. बाहेरचे पत्ते शोधायचं काम तो सर्व्हर पुढे सोपवेल.

आयपीकॉन्फिग मारून पत्ता बघायची सवय लावून घ्या. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर पीसीला कुणी पत्ताच दिलेला नाही, वायर किंवा स्विच बघा. तुमच्या लॅबच्या रांगेतला नसून घरगुती वाटणारा, म्हणजे १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ चा पत्ता आला, तर कुणीतरी केबिनमध्ये स्वतःचा वायफाय राउटर आणून लावलाय आणि त्याची लॅन पोर्टची वायर भिंतीत खोचलीय. तो राउटर आता अख्ख्या मजल्याला पत्ते वाटतोय. केबिन एखाद्या वरिष्ठाची निघाली तर नम्रपणे, पण वायर काढूनच बाहेर या.

लाइट जाण्याचा भाग आपल्याकडे वेगळा सांगायला हवा. लॅबच्या पीसींना यूपीएस असतो, पण व्हरांड्यातल्या रॅकमधला स्विच थेट महावितरणच्या लाइनवर लावलेला असतो. लाइट गेली की पीसी चालू, स्विच आडवा. प्रॅक्टिकलच्या मधेच बॅच बदलते आणि नव्या बॅचचं कुणाचंच लॉगिन होत नाही, सगळे 'सर्व्हर डाउन' म्हणून ओरडतात. स्विचला खूप थोडी वीज लागते, एक छोटा यूपीएस भरपूर झाला. लाइट परत आल्यावरही एसएसडीवाला पीसी अर्ध्या मिनिटात लॉगिनचा पडदा दाखवतो, स्विच मात्र अजून अंग झटकत असतो. 'नेटवर्कची वाट बघ' अशी एक पॉलिसी आहे ती लावा, किंवा पोरांना दोन मिनिटं थांबायला सांगा.

उबुंटूवर पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा होतो आणि परत लॉगिनवरच येतो, हा प्रकार फार. कंट्रोल, अल्ट आणि एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करून बघा. तिथे झालं तर पासवर्ड आणि सर्व्हर ठीक आहेत, घोळ होम फोल्डरात. जागा संपलीय का, कोटा भरलाय का ते पाहा. जागा दिसत असूनही फाइल बनत नसेल तर आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपल्यात, त्या डीएफ आज्ञेला आय जोडून दिसतात. जागा सगळी ठीक असेल तर एक्सऑथॉरिटी ही लपलेली फाइल रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, मालकीची झालीय का बघा. कुणीतरी सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, लावून ग्राफिकल प्रोग्रॅम चालवला की असं होतं. फाइल काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवीन बनते. काळ्या पडद्यावरही नकार आला तर आयडी ही आज्ञा युजरनेमसह द्या. 'असा कुणी नाही' म्हणालं तर पीसी सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीये.

एवढं करूनही समजेना तर विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉगात ४६२५ शोधा. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची ती नोंद असते आणि तिच्यात सब स्टेटसचा एक लांब कोड असतो. शेवटचे आकडे बघा. ००६४ म्हणजे असा वापरकर्ताच नाही, ००६ए म्हणजे नाव बरोबर पण पासवर्ड चुकीचा. पडद्यावर या दोघांना एकच संदेश येतो, मुद्दामच, म्हणजे चोराला कुठलं नाव खरं ते कळू नये. ०२३४ म्हणजे लॉक, ००७२ म्हणजे खातं बंद, ००७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ०१३३ म्हणजे घड्याळ. वरचा एक्सेलचा घोळ असेल तर ००६४ ची रांग लागलेली दिसेल. हे चारसहा कोड कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

पासवर्ड विसरलेल्यांसाठी ओटीपीची सोय असेल तर एक व्यावहारिक अडचण येणारच. अर्ज भरताना नंबर वडिलांचा दिलेला असतो. पोरगी जळगावात लॅबमध्ये, फोन शिरपूरकडे शेतात, रेंज नाही, ओटीपी पाच मिनिटांत शिळा. किंवा सिमच बदललेलं. ओळखपत्र बघून, रजिस्टरमध्ये सही घेऊन नंबर बदलायचा अधिकार विभागात कुणातरी एकाकडे हवा, आणि बदलल्यावर जुन्या नंबरवरही तसा मेसेज जायला हवा.

या सगळ्याला कंटाळून बरेच विभाग एकच 'स्टुडंट' नावाचं खातं करून पासवर्ड फळ्यावर लिहून टाकतात. मोह मी समजू शकतो. पण मग कुणाची फाइल कुणी पुसली, कुणी कुठून काय डाउनलोड केलं, काहीच सांगता येत नाही. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय, आणि उद्या पोलिसांचं पत्र आलं तर त्या लॉगमध्ये साठ ठिकाणी एकच नाव दाखवून भागणार नाही.

अपवाद फक्त प्रॅक्टिकल परीक्षेचा. त्या दिवशी निदान करत बसायचं नाही. चार-पाच पीसी आदल्या संध्याकाळी स्वतः लॉगिन करून तपासून रिकामे ठेवा. प्रत्येकावर ॲडमिनचे अधिकार नसलेलं एकेक स्थानिक परीक्षा खातं बनवा, पासवर्ड वेगवेगळा, बंद पाकिटात परीक्षकांकडे. पोराचं अडलं की तिथे हलवा, रजिस्टरमध्ये बैठक क्रमांक, पीसीचा क्रमांक आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. अडलेला पीसी तसाच चालू ठेवा, संदेशाचा फोटो काढा आणि पेपर सुटल्यावर त्याच्यासमोर बसा. परीक्षा संपल्यावर ती खाती त्याच संध्याकाळी बंद करा, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्यांच्यावर गेम खेळणारे दिसतील.